एक दहाची गोळी

पुढाऱ्यांच्या आश्वासनांवर, हवामान खात्याच्या अंदाजांवर आणि गुरांच्या बाजारात म्हैस विकणाऱ्याच्या शपथांवर विश्वास ठेवणारी माणसं आमच्या जिल्ह्यात अजून सापडतील. पण डोकेदुखीच्या साध्या गोळीवरही विश्वास न ठेवणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसतो. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा. शिक्षण दहावीपर्यंत, तेही इंग्रजीशी झालेल्या दीर्घ लढाईनंतर. पोरांपासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात. मिरजगावहून थोडं आत असलेल्या या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते, भिंगारहून रोज एसटीने येते आणि एसटीतच निम्मा राग संपवून टाकते, असं माझे सहकारी म्हणतात. उरलेला निम्मा पहिली चार वर्षं मामांवर निघत असे.

मामांचा धर्म एकच, लेबल. चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटली उचलायची नाही, हे पंचवीस वर्षांपूर्वी कुणा विज्ञानाच्या सरांनी त्यांना सांगितलं. सर बदली होऊन गेले, मामा त्या वाक्यापाशीच थांबले. प्रयोगशाळेतल्या रसायनांवर चिठ्ठ्या असणं मी समजू शकते, पण मामांच्या जेवणाच्या डब्यावर ‘जेवण, आजचे’ अशी चिठ्ठी असते. थर्मासवर ‘चहा, गरम, साखर आहे’. त्यांच्या घरी एकदा हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकोने हिंगाची डबी माझ्यासमोर धरली. तिच्यावर डबी उघडल्याची तारीख होती. “ह्यांच्या हातून फक्त माझ्याच कपाळावर चिठ्ठी लावायची राहिलीया,” त्या म्हणाल्या. जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा रस्त्यावरच्या पाट्या बदलायला बराच काळ गेला. मामांच्या खोक्यांवरचे पत्ते मात्र आठवडाभरात बदलून झाले होते.

पोरांची औषधं त्यांच्या कपाटात आली ती एका साध्या कारणाने. कुलूप असलेलं आणि कुलपाची चावी जागेवर सापडणारं कपाट शाळेत तेवढं एकच होतं. मुख्याध्यापकांच्या कपाटाचं कुलूप केसांच्या पिनेने उघडतं, हे सातवीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा दम्याचा पंप, कुणाची डॉक्टरांनी लिहून दिलेली आठ दिवसांची गोळी, असं काही आलं की ते मामांकडे जाई, आणि एकदा मामांकडे गेलं की ते परत मिळवणं कर्ज मिळवण्याइतकं अवघड होई. मधली सुट्टी एक वाजून दहा मिनिटांनी होते. घंटा वाजली की औषधवाली पोरं प्रयोगशाळेच्या दारात रांग लावत आणि मामा टेबलामागे उभे राहून एकेकाला विचारत, “पूर्न नाव? बापाचं नाव? वस्ती कंची? गोळी कशाची?” रोज. पोरगं शेजारच्या घरातलं असलं तरी. सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी बापाचं नाव विचारलं, तेव्हा पुतण्या म्हणाला, “तात्या, माझा बाप म्हंजी तुमचा भाऊच की!” मामा शांतपणे म्हणाले, “मला ठावं हाय. तुला ठावं हाय का ते बघतोय.” मग गोळी, मग ग्लासभर पाणी, मग तोंड उघड, जीभ वर कर, आणि सगळं झाल्यावर वहीत सही. सही कधीही आधी नाही. एका पोराने गोळी गालात धरून तुळशीच्या वाफ्यात थुंकली होती, तेव्हापासून गिळल्यावर त्याला मोठ्याने आपलं गाव सांगायला लावत.

एकदा मुख्याध्यापकांना हा सगळा प्रकार भोवला. सरांना रक्तदाबाची गोळी आहे आणि ती घरी विसरायची सवय आहे, म्हणून त्यांनी एक पट्टी मामांच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी गोळी मागायला गेले. मामांनी वही उघडली. “पूर्न नाव?” सर लालबुंद झाले. “अहो, मी मुख्याध्यापक आहे!” मामा म्हणाले, “ते पद झालं, सर. नाव?” त्या दिवशी सरांचा रक्तदाब गोळी घेण्याआधी किती होता, हे मोजायला कुणी नव्हतं ते बरंच झालं.

आणि मी तरी कुठे सुटले होते? नववीतल्या एका मुलीचं डोकं दुखत होतं, मी माझ्या पर्समधली गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. मामा दारात. “बाई, हिला कशाची ॲलर्जी हाय का, इचारलं?” नव्हतं विचारलं. “सकाळी काय खाऊन आली?” तेही नव्हतं विचारलं. “घरी फोन केला?” मी कडाडले, “मामा, साधी गोळी आहे ती!” त्यावर त्यांनी मुलीच्या तळहातावरून गोळी उचलली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ॲसिड बी साधंच आसतंय बाई, बाटलीत हाय तवर.” मुलीने डबा खाल्ला नव्हता, एवढंच निघालं. भाकरी खाल्ल्यावर डोकं थांबलं. मी पुढे दोन आठवडे मामांशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

तर अशा या माणसाच्या वाट्याला कोमल आली. आठवीच्या माझ्याच वर्गात. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की कारखान्याच्या फडावर, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत. कोमल वस्तीवर आजीजवळ राही. हुशार, बडबडी, निबंधात उगाच मोठे शब्द घालणारी. दिवाळीची सुट्टी संपली त्याच आठवड्यात माझ्या तासाला ती बाकावरून खाली कोसळली आणि तिला आकडी आली. वर्गात एकच कल्ला झाला. कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी स्वयंपाकघरातून कांदा, एका शिक्षकांनी तर तिच्या दातांत घालायला चमचा आणला. मामा आले, चप्पल, कांदा आणि चमचा या तिघांनाही दाराबाहेर काढलं, बाक सरकवले, कोमलला कुशीवर वळवलं, आपल्या गळ्यातला टॉवेल घडी करून तिच्या डोक्याखाली घातला आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसले. पोरगी तडफडतेय आणि हा माणूस वेळ बघतोय, म्हणून मी त्यांना काय काय बोलले! नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आकडी किती वेळ होती?” उत्तर फक्त मामांकडे होतं.

कोमलला तीन वेळची गोळी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळची आजी देणार, पण दुपारची शाळेत. इथे घोडं अडलं. सरांनी बैठक घेतली. “उद्या गोळीने काही झालं तर जबाबदार कोण? पालकांनी घरी ठेवावं मुलीला.” सर वाईट नाहीत, फक्त घाबरट आहेत, आणि त्या दिवशी आम्ही सगळेच घाबरट होतो. मीसुद्धा. तिची वर्गशिक्षिका असून मी खाली मान घालून वहीच्या कोपऱ्यावर फुलं काढत बसले. बाहेर कोमलचा बाप उभा होता. तो म्हणाला, “मंग संगं घेऊन जातो तिला फडावर. डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल.” फड म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोयते, उसाने भरलेल्या गाड्या, पाचट पेटवलेलं, आणि मध्ये आकडी येणारी पोर. शाळा तर संपलीच असती तिची, पण आणखीही काय काय संपलं असतं, ते बोलायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात चहाचे कप गोळा करायला आलेले मामा म्हणाले, “मी देतो गोळी. पन माझ्या पद्धतीनं.”

मामांची पद्धत काय आहे, हे ऊसतोडीची टोळी निघायच्या दिवशी कळलं. रस्त्यावर ट्रॅक्टर उभा, मागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं भरलेलं. मुकादम घाई करतोय. कोमलचा बाप धावतपळत शाळेत आला आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या गोळ्यांची पुडी मामांसमोर ठेवली. मामांनी पुडीकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं. “ह्येच्यावर नाव कुठाय? मुदत कुठाय?” बाप म्हणाला, “मामा, गोळ्या त्याच हायती, आईशप्पथ.” मामा म्हणाले, “आईची शपथ वहीत लिवता येत न्हाई. आख्खी पट्टी पायजे, डॉक्टरची चिठ्ठी पायजे, तुमची सही पायजे आन् फोन नंबर पायजे.” बापाचा फोन महिनाभर बंद पडलेला. तिकडे मुकादम भोंगा वाजवून वाजवून थकला आणि स्वतःच शिव्या देत आत आला. “सत्तर मानसं उनात बसल्यात! तुमच्या एका गोळीपायी गाडी थांबवायची व्हय?” मामांनी त्याला खुर्ची दिली. “तुमी निघताना टोळीची नावं लिवून घेता का न्हाई? कोन बसलं, कोन ऱ्हायलं?” “घेतो की.” “मंग मला बी माझी लिवून घेऊ द्या.” पाच मिनिटांनी मुकादमाने आपला माणूस मोटारसायकलवरून मिरजगावला पिटाळला, अख्खी पट्टी आणायला. तो परत येईपर्यंत मामांनी मुकादमाचाच फोन नंबर वहीत लिहिला, साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली, आणि निघताना तो कडक मिशांचा माणूस दारातून वळून विचारत होता, “मामा, गोळी जेवायच्या आदी का मागून?” ट्रॅक्टर दीड तास उशिरा सुटला. ट्रॉलीतून कोमलची आई हात हलवत होती, आणि कोमल शाळेच्या फाटकात उभी होती, गणवेशात.

ती पट्टी संपल्यावर मामांनी तिचं रिकामं वेष्टण फेकलं नाही, वहीत कोमलच्या पानावर डकवून ठेवलं. नवी पट्टी आली की त्या नमुन्याशी ताडून बघायची. इंग्रजी अक्षरं एकेक करून, ओठ हलवत, बोट टेकवत. मला ते बघवत नसे. जानेवारीत एका दुपारी असंच झालं. आदल्या दिवशी जुनी पट्टी संपली होती, कोमलने दप्तरातून नवी आणली होती. मामा अक्षरं लावत बसले. एक दहा, एक पंधरा, एक वीस. मग पट्टी खाली ठेवून म्हणाले, “ही न्हाई.” मी पट्टी घेतली. पांढरी, गोल, तेवढीच. कापलेली पट्टी होती, नावाची शेवटची दोन-तीन अक्षरं शिल्लक. कंपनी वेगळी असेल, मी म्हटलं. आणि मग माझा पारा चढला, कारण मला डॉक्टरांचं एकच वाक्य आठवत होतं, की गोळी चुकवायची नाही. “मामा, तुमच्या अक्षरांपायी पोरीला आकडी येईल! द्या इकडे, मी देते, माझ्या जबाबदारीवर!” मी खरंच गोळी फोडली होती. कोमलने हात पुढे केला होता. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “बाई! मीठ आन् सोडा बी दिसायला सारखंच आसतंय!”

पुढचं सगळं त्यांनी मिनिटांत केलं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या नंबरवर डॉक्टरांना फोन लावला, उरलेली अक्षरं वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाले, ती देऊ नका, ती रक्तदाबाची दिसते, खरी गोळी सापडली की लगेच द्या आणि तोवर मुलीला एकटी सोडू नका. मामांनी मुख्याध्यापकांना हाक मारली. “सर, हितं बसा हिच्याजवळ. हलू नका. काय झालं तर कुशीवर वळवा आन् घड्याळ बघा.” आणि सर, जे शिक्षणाधिकाऱ्यांचंही एका दमात ऐकत नाहीत, ते स्टुलावर बसले. मी मामांच्या मोटारसायकलवर मागे बसले, पदर खोचून, आणि तीन किलोमीटर खडकाळ वाटेने आम्ही वस्तीवर गेलो. माझ्या मुठीत ती फोडलेली गोळी घामाने चिकट झाली होती.

आजी ओट्यावर शेंगा फोडत होती. मामांनी पट्टी दाखवली. “आजी, ही कुनाची?” “माझीच की,” आजी खुशीत म्हणाली. “लई गुनाची गोळी हाय बघा. माझं डोस्कं गरागरा फिरायचं, ह्या गोळीनं पार थांबलं. म्हनलं, पोरीच्या डोस्क्याला बी हीच लागू पडंल. माझ्यातल्या धा दिल्या तिला काढून.” मामांनी श्वास रोखून विचारलं, “आन् सकाळी? सकाळी कंची दिली?” “सकाळी तिचीच. दुपारी माझी. म्हंजी दोन्हीकडून गुन यील.” स्वतःच्या औषधाला मुकून तिने दहा गोळ्या नातीला दिल्या होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींची लाज वाटत होती. मामा मात्र तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एवढंच म्हणाले, “आजी, तुमची माया लई मोठी हाय, पन तिच्यावर चिठ्ठी न्हाई.” कोमलची पट्टी फडक्यात गुंडाळून कणगीच्या मागे ठेवलेली होती. आजीच्या दहा गोळ्या मामांनी मोजून तिच्या हातात परत दिल्या, नऊ पट्टीतल्या आणि एक माझ्या मुठीतली, जी त्यांनी आजीलाही खाऊ दिली नाही, मातीत पुरायला लावली.

दोन वाजून पाच मिनिटांनी प्रयोगशाळेत परत आलो. सर स्टुलावर ताठ बसले होते, डोळे घड्याळावर. कोमल त्यांना मी वर्गात लिहून दिलेला एक निबंध तोंडपाठ म्हणून दाखवत होती. आता तरी मामा घाई करतील, असं मला वाटलं. “पूर्न नाव?” मामांनी विचारलं. कोमलने सांगितलं. बापाचं नाव, वस्ती, गोळी कशाची, सगळं. त्यांनी वेष्टणाशी अक्षरं ताडून बघितली, आणि या खेपेला मी त्यांच्या शेजारी उभी राहून एकेक अक्षर त्यांच्याबरोबर वाचत होते. गोळी गिळली. जीभ वर झाली. सही झाली, उशिराची मिनिटं शेऱ्यात मांडून. सरांनी आपलं कपाळ पुसलं आणि सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं की उद्यापासून शाळेत कुठलंही औषध मामांच्या वहीशिवाय दिलं जाणार नाही. मामा म्हणाले, “सर, तुमची दुपारची ऱ्हायलीया. पूर्न नाव?” सरांनी पूर्ण नाव सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

त्यानंतर दोन हंगाम गेले. ट्रॅक्टर दर वर्षी शाळेसमोर थांबे, मुकादम न बोलवता आत येऊन सही करून जाई. कोमलला एकदाही आकडी आली नाही. ती खो-खोत खेळली, स्नेहसंमेलनात नाचली, माझ्या तासाला बडबडून उभी राहिली. दहावीच्या हिवाळ्यात एका सोमवारी ती धावतच प्रयोगशाळेत शिरली. “मामा, दुपारची गोळी बंद! डॉक्टर म्हनले आता दोन येळचीच, आन् ती बी हळूहळू कमी करनार!” मामांनी आधी डॉक्टरांचा कागद मागितला. सगळा वाचला. मग तिचं पान काढलं, तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘दुपारचे औषध बंद. कारण, गरज नाही.’ नेहमीसारखी तारीख, नेहमीसारखी सही. मग मुकादमाला फोन लावला, कारण आई-बाप फडावर होते. मुकादमाने ती बातमी उसात उभा राहून ओरडून सांगितली असावी, कारण फोनमधून एवढा गलका आला की मामांना तो कानापासून लांब धरावा लागला. त्या गलक्यात कोमलच्या आईचं रडणं ओळखू येत होतं. मी मामांचा हात धरून त्यांची माफी मागितली, चार वर्षांची एकदम. ते म्हणाले, “कशाबद्दल, बाई?” त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक दहाची घंटा झाली. इतर पोरांची औषधं देऊन झाल्यावर मामा आपला डबा न उघडता दारात येऊन उभे राहिले. समोर लिंबाखाली कोमल मैत्रिणींच्या घोळक्यात बसली होती. गेली दोन वर्षं तिची मधली सुट्टी अर्धी प्रयोगशाळेत जायची. त्या दिवशी ती पहिल्यांदाच पहिल्या घासापासून तिथे होती. तिला या दारात यावं लागू नये म्हणून हा माणूस रोज उभा राहिला होता, आणि आता ती आली नव्हती, तर त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि फार अभिमानही वाटला. “जेवा ना मामा,” मी म्हटलं. “जेवतो,” ते म्हणाले, पण हलले नाहीत. लिंबाखाली कोमल कशावर तरी तोंडात घास असतानाच खदखदून हसली. “बघा की बाई,” मामा पुटपुटले, “घास तोंडात आन् हसतीया. ठसका लागंल तिला.” ते एक पायरी खाली उतरले, थोडा वेळ तसेच थांबले, आणि तिला सांगायला गेले नाहीत.